सोलापुरात पोलीस खर्चाचा हिशेब कसा मागावा आणि प्राधान्यक्रमावर मत कधी मांडावे

पोलिसांवर होणाऱ्या खर्चाबद्दल सोलापुरातून जे अर्ज आणि निवेदने जातात, त्यांतील पुष्कळशी तीन ठिकाणी अडतात. अर्ज चुकीच्या कार्यालयात पडतो, मागणी चुकीच्या महिन्यात होते किंवा प्रश्न इतका मोठा असतो की त्याला उत्तर देणे अधिकाऱ्याला शक्य नसते आणि टाळणे मात्र सोपे जाते. ‘गेल्या पाच वर्षांत पोलिसांवर किती खर्च झाला’ असे विचारणाऱ्याला बहुधा एक मोठा आकडा मिळतो. त्या आकड्यातून ना गस्तीची गाडी का बंद आहे ते कळते, ना ती कोणाच्या सहीने सुरू होईल ते कळते. पुढील टप्पे याच क्रमाने करावेत, कारण प्रत्येक टप्प्याचे उत्तर पुढच्या टप्प्यात वापरायचे आहे.

एक गोष्ट आधीच मान्य करून चालावे. पोलीस हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय आहे. पोलिसांचे वार्षिक अंदाजपत्रक सोलापूर महानगरपालिका मंजूर करत नाही आणि जिल्हा परिषदही करत नाही; ते विधानमंडळ मंजूर करते. तरीही काही निर्णय सोलापुरात होतात, आणि काही निर्णयांचा प्रस्ताव तरी सोलापुरातूनच निघतो. नागरिकाने आपली शक्ती तिथे लावावी.

## टप्पा १ : कोणते पोलीस, ते आधी निश्चित करा

‘सोलापूर पोलीस’ नावाचे एकच कार्यालय अस्तित्वात नाही. शहरासाठी पोलीस आयुक्तालय आहे. फौजदार चावडी, जेलरोड, सदर बझार, विजापूर नाका, सलगरवस्ती, एमआयडीसी आणि जोडभावी पेठ ही पोलीस ठाणी त्याच्याखाली येतात. उरलेल्या जिल्ह्यासाठी सोलापूर ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आहेत, आणि त्यांच्या वरचे कार्यालय कोल्हापूर परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांचे आहे. म्हणून पंढरपूरच्या आषाढी वारीचा बंदोबस्त ग्रामीणच्या कक्षेत येतो, तर सिद्धेश्वर यात्रेचा, म्हणजे गड्ड्याचा, शहर आयुक्तालयाच्या कक्षेत येतो.

याखेरीज सोरेगावला राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १० आहे, केगावला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे आणि रेल्वे स्थानकावरील पोलीस लोहमार्ग पोलिसांच्या पुणे घटकाचे आहेत. या प्रत्येकाचे अनुदान स्वतंत्र असते. कारागृह तर अंदाजपत्रकातही पोलिसांपासून वेगळ्या शीर्षाखाली आहे.

सावधान : शहराला लागून असलेल्या गावांतील लोकांची येथे हमखास गफलत होते. सोलापूर तालुका पोलीस ठाण्याचे नाव शहरासारखे वाटले, तरी ते ग्रामीण दलाचे आहे. तालुक्याच्या नावावरून अंदाज बांधू नये. पोलीस ठाणे कोणत्या दलाचे आहे ते पाहावे.

तपासणी : आपला प्रश्न ज्या जागेविषयी आहे, तिचे पोलीस ठाणे आणि त्या ठाण्याचे घटकप्रमुख (आयुक्त की अधीक्षक) या दोन गोष्टी कागदावर लिहिता आल्या, तरच पुढे जावे.

## टप्पा २ : पैसा कोणत्या मार्गाने येतो, ते शोधा

सर्वाधिक चुका या टप्प्यात होतात, म्हणून येथे घाई करू नये.

पहिला आणि सर्वांत मोठा मार्ग म्हणजे राज्याचे अंदाजपत्रक. गृह विभागाची मागणी क्रमांक बी-१ ही ‘पोलीस प्रशासन’ या नावाची आहे. तिच्यातील २०५५ या मुख्य शीर्षाखाली पोलिसांचा महसुली, म्हणजे चालू खर्च येतो; पोलिसांच्या भांडवली खर्चाचे मुख्य शीर्ष ४०५५ हे आहे. मंजूर झालेला पैसा गृह विभागाकडून पोलीस महासंचालकांच्या कार्यालयाकडे व तिथून घटकांकडे उतरतो, आणि प्रत्यक्ष देयके जिल्हा कोषागारातून पारित होतात. केंद्राच्या पोलीस आधुनिकीकरण योजनेचा पैसाही राज्यामार्फतच येतो. महाराष्ट्रासारख्या राज्यांत त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो.

दुसरा मार्ग जिल्हा नियोजन समितीचा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ झेडडी आणि राज्याच्या १९९८ च्या अधिनियमानुसार ही समिती स्थापन झाली आहे. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव. जिल्हा वार्षिक योजनेतून पोलिसांसाठी वाहने, सीसीटीव्ही आणि तत्सम साधने घेतली जातात. सोलापुरात बसून ज्या पोलीस खर्चावर बोलता येते, त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे आणि नागरिकांचे सर्वांत कमी लक्ष नेमके इथेच असते.

तिसरा मार्ग महानगरपालिकेचा. वाहतूक सिग्नल, चौकातील दिवे, दुभाजक आणि रस्त्यांवरील काही कॅमेरे यांचा खर्च पोलिसांच्या हिशेबात नसून महापालिकेच्या किंवा स्मार्ट सिटी कंपनीच्या हिशेबात सापडतो. बंद सिग्नलबद्दल वाहतूक शाखेला माहिती अधिकारात विचारणारे अनेक असतात. त्या सिग्नलच्या देखभालीचा करार महापालिकेच्या विद्युत विभागात असण्याची शक्यता अधिक.

इमारतींचा मार्ग आणखी वेगळा आहे. पोलीस ठाणे आणि वसाहतींची दुरुस्ती साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडून होते, तर नवी बांधकामे व निवासस्थाने बहुधा महाराष्ट्र राज्य पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळाकडून होतात. गळके छत पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत असले, तरी दुरुस्तीचे अंदाजपत्रक त्यांच्याकडे असेलच असे नाही.

दोन गैरसमज येथेच दूर करावेत. वाहतुकीच्या दंडाची रक्कम आयुक्तालयाला खर्चायला मिळत नाही. ती शासनाच्या खात्यात जमा होते. ‘एवढे चलान फाडता, मग रस्त्यावर पोलीस का नाहीत’ हा प्रश्न चीड म्हणून समजण्यासारखा आहे, पण हिशेब म्हणून तो चुकीचा आहे. दुसरा गैरसमज बंदोबस्ताच्या खर्चाचा. वारीसाठी इतर जिल्ह्यांतून आलेल्या कर्मचाऱ्यांचे वेतन व प्रवास भत्ता त्यांच्या मूळ घटकाकडून निघतो. सोलापूर ग्रामीणला ‘वारीचा एकूण खर्च’ विचारला, तर मिळणारा आकडा अपुरा असतो, आणि तो कोणी लपवलेला असतो असे नाही.

तपासणी : आपल्या बाबीसमोर ‘पैसा कोण देतो, खरेदी कोण करतो, देखभाल कोण करतो’ असे तीन रकाने आखून भरावेत. तिन्ही ठिकाणी वेगवेगळी कार्यालये आली, तर गोंधळून जाऊ नये. बहुतेक वेळा तसेच असते.

## टप्पा ३ : एकच बाब निवडा

२०५५ या शीर्षातील बहुतांश रक्कम वेतनावर जाते. त्यामुळे एकूण रक्कम वाढली किंवा घटली यावरून प्राधान्यक्रमाबद्दल फारसे काही सिद्ध होत नाही. वेतन आयोग लागू झाला की आकडा फुगतो आणि ठाण्यात टेबलही वाढत नाही. वाद घालण्याजोगी जागा वेतनेतर बाबींत असते. निवड करताना तीन कसोट्या लावाव्यात : ती बाब एका-दोन उद्दिष्ट शीर्षांत (खर्चाच्या प्रकारानुसार पाडलेल्या उपशीर्षांत) मावते का, तिची नोंद घटकाच्या पातळीवर ठेवली जाते का, आणि तिच्याविषयीचा एखादा निर्णय जिल्ह्यात होतो का.

या लेखात उदाहरणासाठी गस्तीची वाहने घेऊ, कारण त्यांच्यात पूर्ण अडचण दिसते. गाडी जिल्हा वार्षिक योजनेतून येऊ शकते. तिचे डिझेल राज्याच्या अंदाजपत्रकातील ‘पेट्रोल, तेल व वंगण’ (उद्दिष्ट शीर्ष २४) यातून भरले जाते. चालकाचे पद शासन मंजूर करते. म्हणजे नव्या गाड्यांना हिरवा झेंडा दाखवला गेला, तरी त्यांच्या इंधनाचे अनुदान त्याच प्रमाणात वाढेल याची हमी कोणताही एक कागद देत नाही. आणि घटकप्रमुखाला एका शीर्षातील पैसा दुसरीकडे मनाने वळवता येत नाही. पुनर्विनियोजनाला वरची मंजुरी लागते. माझे मत स्पष्ट आहे : नवी वाहने मागण्यापूर्वी असलेल्या वाहनांचे इंधन, दुरुस्ती आणि चालक यांचा हिशेब मागावा. कॅमेऱ्यांनाही हाच नियम लागू पडतो. कॅमेरे बसवण्याला उद्घाटन असते, वार्षिक देखभाल कराराला नसते.

## टप्पा ४ : अर्जाआधी जे उघड आहे ते वाचा

वित्त विभागाच्या संकेतस्थळावर गृह विभागाचे सविस्तर अर्थसंकल्पीय अंदाज मिळतात. ‘बीम्स’ या अर्थसंकल्प वितरण प्रणालीवर विभागवार तरतूद, वितरित निधी आणि झालेला खर्च पाहता येतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख)(अकरा) नुसार प्रत्येक कार्यालयाने आपले अंदाजपत्रक, प्रस्तावित खर्च आणि रकमांच्या वाटपाचे अहवाल स्वतःहून प्रसिद्ध करायचे आहेत. घटकाच्या संकेतस्थळावर ती माहिती जुनी किंवा अपुरी असेल, तर त्या पानाची दिनांकासह प्रत काढून ठेवावी. ती अपिलात उपयोगी पडते.

वाचताना पुढील क्रम पाळावा.

१. तक्त्याच्या डोक्यावर आकडे हजारांत, लाखांत की कोटींत आहेत ते पाहावे. पोलीस खर्चाविषयी समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘धक्कादायक’ आकड्यांपैकी काही केवळ तीन शून्यांच्या चुकीतून जन्मतात.

२. चार रकाने ओळखावेत. एका वर्षाच्या अंदाजपत्रकात दोन वर्षांपूर्वीच्या प्रत्यक्ष रकमा, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असतो. तुलना नेहमी एकाच जातीच्या रकान्यांची करावी : मूळ अंदाजाची मूळ अंदाजाशी, प्रत्यक्षाची प्रत्यक्षाशी.

३. पावसाळी व हिवाळी अधिवेशनांतील पुरवणी मागण्या पाहाव्यात. मार्चमध्ये जे नाकारल्यासारखे दिसते, ते जुलैत किंवा डिसेंबरात मंजूर झालेले असू शकते.

४. आपल्या बाबीचे लेखाशीर्ष व उद्दिष्ट शीर्ष टिपून घ्यावे. अर्जात शीर्ष लिहिले की लेखा शाखेला ‘माहिती अस्पष्ट आहे’ असे कळवणे कठीण जाते.

सावधान : राज्याच्या पुस्तकात सोलापूरचा स्वतंत्र आकडा शोधण्यात दिवस घालवू नयेत. जिल्हा पोलीस दलांची तरतूद तिथे एकत्रित असते. घटकनिहाय वाटप घटकाच्या लेखा शाखेकडे किंवा महासंचालक कार्यालयाकडे मिळते. त्यासाठीच पुढचा टप्पा आहे.

## टप्पा ५ : माहिती अधिकाराचा अर्ज

अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये करावा आणि त्यावर १० रुपयांचा न्यायालयीन फी मुद्रांक लावावा. महाराष्ट्रातील नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा. या दोन अटींमुळे जितके अर्ज परत येतात, तितके गोपनीयतेमुळे येत नसावेत.

मजकूर साधारण असा असावा :

> विषय : सोलापूर शहर पोलीस आयुक्तालयातील वाहनांच्या इंधन व दुरुस्तीवरील खर्च.
> कालावधी : १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५.
> १) मुख्य शीर्ष २०५५ अंतर्गत ‘पेट्रोल, तेल व वंगण’ या उद्दिष्ट शीर्षाखाली वर्षनिहाय केलेली मागणी, प्राप्त अनुदान, झालेला खर्च व समर्पित रक्कम दर्शवणाऱ्या विवरणपत्राची प्रत.
> २) त्याच शीर्षाखाली निधी वितरित केल्याच्या आदेशांच्या दिनांकासह प्रती.
> ३) दोन्ही वर्षांच्या ३१ मार्च रोजी प्रलंबित असलेल्या इंधन व वाहन दुरुस्ती देयकांची एकूण रक्कम.
> ४) ३१ मार्च २०२५ रोजी मोटार परिवहन विभागाकडील चालू व नादुरुस्त वाहनांची प्रकारनिहाय संख्या.
> ५) त्याच दिवशी मंजूर व कार्यरत चालक पदांची संख्या (नावे नकोत).

यातील ‘समर्पित’ म्हणजे खर्च न होता शासनाला परत केलेली रक्कम. या मजकुरात ‘का’ हा शब्द नाही, आणि तो मुद्दाम टाळला आहे. माहिती अधिकारात अभिलेखावर असलेली माहिती मिळते. कारणे, मते आणि खुलासे मिळत नाहीत. ‘गस्त का कमी झाली’ हा प्रश्न टप्पा ७ साठी राखून ठेवावा.

पोलीस खर्चाच्या बाबतीत कलम ८ चे काही अपवाद वारंवार पुढे केले जातात. जीविताला धोका किंवा गोपनीय स्रोत उघड होणे हे कलम ८(१)(छ) मध्ये येते, तपासात अडथळा कलम ८(१)(ज) मध्ये, आणि वैयक्तिक माहिती कलम ८(१)(ञ) मध्ये. यातील शेवटचा अपवाद डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मधील दुरुस्तीने अधिक व्यापक झाला आहे. म्हणून गस्तीचे मार्ग, पुढील बंदोबस्ताचा आराखडा, कॅमेऱ्यांची नेमकी ठिकाणे, गुप्त सेवेचा खर्च आणि कर्मचाऱ्यांची नावे मागू नयेत. मागील वर्षांचे, संख्येतले आणि एकत्रित आकडे मागावेत. वाहनाच्या लॉगबुकची पाने मागितली तर मार्ग उघड होतात आणि नकाराला आयते कारण मिळते. त्याऐवजी महिनानिहाय एकूण किलोमीटर व लिटर मागावेत. कागदाचा एखादाच भाग गोपनीय असेल, तर तो वगळून उरलेला भाग देण्याची तरतूद कलम १० मध्ये आहे, आणि अर्जाच्या शेवटी त्याचा उल्लेख केलेला बरा.

जिल्हा नियोजन समितीच्या निधीसाठी वेगळा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातील जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे करावा. त्यात पोलीस घटकांकडून आलेले प्रस्ताव, प्रशासकीय मान्यतेचे आदेश, वितरित निधी आणि उपयोगिता प्रमाणपत्रे मागावीत. प्रस्ताव आणि मान्यता या दोन्ही प्रती हव्यात, कारण पोलिसांनी काय मागितले होते आणि काय मिळाले यांतला फरक त्यांतूनच दिसतो. हा फरक वाचल्याशिवाय पोलीस प्रशासनाला दोष देणे अन्यायाचे ठरू शकते.

तिसरा, पुष्कळांना न सुचणारा अर्ज लेखापरीक्षणाचा. महालेखापाल कार्यालयाने आपल्या घटकाचे जे निरीक्षण अहवाल दिले आहेत, ते आणि त्यांवरील अनुपालनाच्या प्रती मागता येतात. आक्षेप अंतिम सत्य नसतो. त्याला दिलेले उत्तरही वाचावे. पण कोणत्या नोंदवह्या पाहाव्यात हे लेखापरीक्षकाने आधीच शोधून ठेवलेले असते.

तपासणी : अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल, तर तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे हस्तांतरित करण्याचे कलम ६(३) मध्ये सांगितले आहे. त्यावर विसंबू नये, पण हस्तांतरणाचे पत्र आले तर ते फाडूनही टाकू नये. पुढील मुदत कोणाकडे मोजायची हे त्यावरून कळते.

## टप्पा ६ : उत्तर आल्यावर आकडे जुळवा

उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. छायाप्रतींचे शुल्क, साध्या पानाला २ रुपये, भरण्याचे पत्र आले तर ते लगेच भरावे. पत्र पाठवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळले जातात. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती मात्र विनाशुल्क द्यावी लागते.

कागद जास्त असतील तर प्रतींऐवजी निरीक्षण मागावे. कलम २(ञ) मध्ये अभिलेख पाहण्याचा आणि टिपणे घेण्याचा अधिकार स्पष्ट आहे. जिल्हास्तरीय कार्यालये आणि महानगरपालिका यांच्यासाठी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याचा शासन निर्णय नोव्हेंबर २०१८ पासून आहे. सिग्नल व कॅमेऱ्यांचे करार पाहण्यासाठी महापालिकेत ही वेळ वापरावी. अनेकांना तिची माहितीच नसते.

आता एका कागदावर मागणी, अनुदान, वितरणाचा दिनांक, खर्च, समर्पण आणि प्रलंबित देयके असे रकाने आखावेत. वाचन डावीकडून उजवीकडे करावे आणि प्रत्येक फरकाला जबाबदार कार्यालय कोणते ते लिहावे. मागणीपेक्षा अनुदान कमी असेल तर प्रश्न मुंबईचा आहे. अनुदान आले पण बीडीएस, म्हणजे निधी वितरणाची चिठ्ठी, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघाली असेल, तर घटकाने पैसे खर्च केले नाहीत हा आरोप टिकत नाही. वेळच मिळाला नव्हता. पैसा वेळेत आला, तरीही समर्पित झाला किंवा खर्च मार्चअखेरीस एकवटला, तर मात्र प्रश्न सोलापूरचा आहे आणि तो येथेच विचारावा. प्रलंबित देयके दरवर्षी वाढत असतील, तर पुढील वर्षाच्या अनुदानातला काही भाग आधीच खर्च झालेला आहे असे समजावे. वरवर अनुदान वाढलेले दिसते आणि पंपावर उधारी मात्र तशीच असते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच.

यंत्रे व साधनांच्या बाबतीत खरेदी आदेशाबरोबर जडवस्तू संग्रह नोंदवही (डेडस्टॉक रजिस्टर) पाहावी. खरेदी झाली आणि नोंद झाली म्हणजे वस्तू वापरात आहे असे होत नाही. हमीचा कालावधी कधी संपला आणि त्यानंतर देखभालीचा करार झाला का, एवढे दोन दिनांक शोधले तरी पुरे.

सावधान : सोलापूर शहराची तुलना पुणे किंवा नागपूरशी करू नये. लोकसंख्या, मंजूर मनुष्यबळ आणि हद्द इतकी वेगळी आहे की समोरचा अधिकारी पहिल्याच वाक्यात ती तुलना बाजूला सारतो. त्याच घटकाची दोन-तीन वर्षे एकमेकांशी ताडून पाहणे अधिक भक्कम.

## टप्पा ७ : निर्णय ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यासमोर वेळेत मांडा

शांतता समितीच्या किंवा मोहल्ला समितीच्या बैठकीत खर्चाचा मुद्दा काढून काही साधत नाही. त्या समित्यांना आर्थिक अधिकार नाहीत. सणाच्या तोंडावर तिथे केलेली मागणी मिरवणुकीच्या मार्गाच्या चर्चेत वाहून जाते. पोलीस तक्रार प्राधिकरणही यासाठी नाही. ते पोलिसांच्या गैरवर्तनाच्या तक्रारींसाठी आहे.

राज्याच्या पुढील वर्षाच्या अंदाजासाठी घटकांकडून आकडे पावसाळ्यानंतर, आठमाही सुधारित अंदाजाच्या सुमारास वर जातात. म्हणून घटकप्रमुखांना द्यायचे निवेदन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्यावे. फेब्रुवारीत दिलेल्या निवेदनाला ‘पुढील कार्यवाहीसाठी’ असा शेरा मिळतो आणि ते पुढील वर्षाच्या गठ्ठ्यात बांधले जाते.

जिल्हा वार्षिक योजनेचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात आकाराला येतो आणि अंदाजपत्रकापूर्वी राज्यस्तरीय बैठकीत त्यावर चर्चा होते. समितीतील चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नागरी संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून निवडले जातात. त्या सदस्यांपैकी आपल्या भागातील एकाला टप्पा ६ मधील एक पानी तक्ता बैठकीपूर्वी द्यावा आणि सोबत एकच लेखी प्रश्न द्यावा. उदाहरणार्थ : ‘मागील आराखड्यातून घेतलेल्या वाहनांपैकी किती वाहने आज वापरात आहेत, आणि त्यांच्या इंधन व चालकांची तरतूद कोणत्या शीर्षातून झाली?’ पुढील बैठकीच्या कागदपत्रांत मागील इतिवृत्ताचा अनुपालन अहवाल असतो. आपला प्रश्न इतिवृत्तात नोंदला गेला का, हे त्यात पाहावे. बैठकीत प्रश्न गाजला, पण इतिवृत्तात आला नाही, तर तो कार्यालयाच्या दृष्टीने विचारलाच गेला नाही.

विधानमंडळात जायचे असेल तर जिल्ह्यातील ११ विधानसभा मतदारसंघांपैकी आपला कोणता ते आधी नीट पाहावे; शहराचे भाग शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिण सोलापूर अशा तीन मतदारसंघांत विभागले आहेत. आमदारांना तारांकित प्रश्न विचारता येतो आणि बी-१ मागणीवर कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव) देता येते. त्यांच्या स्वीय सहायकाला पंधरा पानांचा गठ्ठा देण्यापेक्षा शीर्ष, वर्ष, रक्कम आणि प्रश्न असलेला अर्ध्या पानाचा मसुदा दिला, तर तो पुढे सरकण्याची शक्यता जास्त असते. वर्षभरातील मंजूर तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांतील मोठ्या तफावती विनियोजन लेख्यांत येतात आणि लोकलेखा समिती त्यांची छाननी करते, हेही आमदारांना सांगायला हरकत नाही. नवख्या सदस्यांना ते उपयोगी पडते.

पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांसाठी मात्र एक स्वतंत्र दार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचे आणि त्यांच्यावर देखरेखीसाठी राज्य व जिल्हा पातळीवर समित्या नेमण्याचे निर्देश दिले. जिल्हा समितीत महसूल विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्यासोबत महापौर किंवा ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेचे प्रमुख असावेत असे त्या निर्देशांत म्हटले आहे. कॅमेऱ्यांची देखभाल पाहणे आणि राज्य समितीला मासिक अहवाल पाठवणे हे या समितीचे काम आहे. त्यासाठी निधी मिळवण्याची जबाबदारी राज्य समितीवर आहे. स्थानिक लोकप्रतिनिधीला पोलिसांच्या एका साधनावर थेट देखरेखीची जागा देणारी अशी व्यवस्था दुर्मीळ आहे. समितीच्या बैठकांची इतिवृत्ते आणि नादुरुस्त कॅमेऱ्यांची ठाणेनिहाय संख्या, कॅमेऱ्यांच्या जागा वगळून, माहिती अधिकारात मागावी. इतिवृत्त उपलब्ध नाही असे उत्तर आले, तर तेच उत्तर महापौरांकडे किंवा जिल्हा परिषद अध्यक्षांकडे लेखी निवेदनासोबत जोडावे.

तपासणी : निवेदनाच्या पोचेवर आवक क्रमांक व दिनांक आहे का ते काउंटर सोडण्यापूर्वी पाहावे. ‘साहेबांना दिले आहे’ याला पोच म्हणत नाहीत.

## टप्पा ८ : अपील आणि पुढच्या वर्षाचा कागद

३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते अपुरे वाटले, तर पुढील ३० दिवसांत जोडपत्र ‘ब’ मध्ये, २० रुपयांचा मुद्रांक लावून, त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करावे. अपिलात नवे प्रश्न घालू नयेत. मूळ अर्जातील कोणत्या क्रमांकाचे उत्तर आले नाही, एवढेच लिहावे आणि कलम ४ खाली प्रसिद्ध करायची माहिती प्रसिद्ध नसल्याची दिनांकित प्रत जोडावी. त्यानंतरचे दुसरे अपील ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे जाते. सोलापूरसाठी आयोगाचे पुणे खंडपीठ आहे. तिथल्या सुनावणीला वेळ लागतो, म्हणून दुसरे अपील दाखल केल्यावर हातावर हात ठेवून बसू नये. त्याच विषयाच्या नव्या आर्थिक वर्षासाठी नवा, लहान अर्ज करावा.

नवा अर्ज मे संपण्याआधी करू नये. मार्चअखेरची देयके, समर्पण आणि कोषागाराशी ताळमेळ पूर्ण होण्याआधी मागितलेले आकडे नंतर बदलतात, आणि मग दोन उत्तरांतील तफावत गैरव्यवहार म्हणून मांडण्याचा मोह होतो. जूनमध्ये तेच पाच प्रश्न, त्याच क्रमाने, फक्त वर्ष बदलून विचारावेत. सप्टेंबरच्या निवेदनाला लागणारा तक्ता त्यातून वेळेत तयार होतो.